टीमसाठी व्हर्जन कंट्रोल निवडताना: मोजणीपासून जुन्या सर्व्हरला कुलूप लावेपर्यंत

"गिटहब घ्यावं की गिटलॅब?" अंधेरी असो, ठाणे असो की महापे, कुठल्याही टीमशी बोलायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो. या प्रश्नाचा नंबर खरं तर चौथा लागतो. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेत, नेमकं काय जाणार, ते कोण कुठून वापरणार, आणि क्लायंटनं काय बंधनं घातली आहेत. क्रम उलटा झाला की वर्षभरात पुन्हा हलवाहलवी करावी लागते, आणि दुसऱ्या वेळी ती दुप्पट जड जाते, कारण तोवर सगळ्यांच्या सवयी, स्क्रिप्ट आणि बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं) त्या सिस्टिमभोवती गुंडाळलेल्या असतात.

शब्दांचा एक घोळ आधी सोडवतो. गिट, सबव्हर्जन (आपण एसव्हीएन म्हणतो ते), मर्क्युरिअल, परफोर्स या व्हर्जन कंट्रोल सिस्टिम, म्हणजे फायलींत कोणी काय कधी बदललं ते जपणारे प्रोग्रॅम. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट, गिटी ही गिटचा रेपो ठेवायची घरं. सिस्टिम आणि घर हे दोन वेगळे निर्णय आहेत. मीटिंगमध्ये ते एकत्र आले की चर्चा दराच्या तक्त्यावर जाऊन अडकते.

पुढचं सगळं पाच ते तीसेक माणसांच्या टीमसाठी लिहिलंय. रोजचं काम सांभाळून तीन-चार आठवडे धरा.

## टप्पा १: रेपोत काय जाणार ते मोजा

सध्याचा कोड शेअर्ड ड्राइव्हवर असो की जुन्या एसव्हीएनवर, एक ताजी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. डाउनलोड केलेल्या लायब्ररी, बिल्डमधून तयार झालेल्या फायली, लॉग आणि डेटाबेसचे डंप (पूर्ण प्रती) तिच्यातून काढून टाका. उरलं तेवढंच तुमचं खरं सामान. आता एका कागदावर लिहा:

१. एकूण आकार किती.
२. सर्वांत मोठ्या वीस फायली कोणत्या.
३. त्या वीसपैकी किती मजकूर आहेत आणि किती बायनरी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली, व्हिडिओ, थ्रीडी मॉडेल, एक्सेल.
४. प्रत्येक बायनरी महिन्यातून किती वेळा बदलते आणि तिला किती हात लागतात.

चौथ्या ओळीवर सगळा निर्णय फिरतो, आणि नेमकी तीच ओळ रिकामी सोडली जाते. गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर सगळा इतिहास उतरतो. मजकुराच्या फायलींचे फरक छान दाबून साठवले जातात, त्यामुळे दहा वर्षांचा कोडही आटोपशीर राहतो. बायनरी फायली तशा दबत नाहीत. ८० एमबीची एक डिझाइन फाइल तीस वेळा सेव्ह होऊन आत गेली, तर त्या एका फाइलपायी रेपो दोन जीबीच्या पुढे जाऊ शकतो, आणि ते ओझं नव्यानं रुजू झालेल्या टेस्टरलाही ओढावं लागतं.

आकारापेक्षा वाईट प्रकार दोन हातांचा. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या छोट्या स्टुडिओत हे मी समोर बसून पाहिलंय. संध्याकाळची वेळ, दोघी डिझायनर शेजारी शेजारी. एकीनं मेनूची बटणं हलवली, दुसरीनं त्याच फाइलमध्ये रंग बदलले. पुश करताना, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवताना, कॉन्फ्लिक्ट आला: दोघींचे बदल जुळेनात. बायनरी फाइल गिट आतून जोडू शकत नाही. तुमची ठेवू की त्यांची, एवढंच विचारतं. घाईत "त्यांची" निवडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली म्हणाली, "अगं, काल मी बटणं डावीकडे घेतली होती ना? गेली कुठं?" ती तिच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) होती, आणि आम्ही ती काढून दिली. पण तोवर दुसरीनं रंगांवर आणखी तीन तास घातले होते, आणि दोन्ही बदल एका फाइलमध्ये आणायला ते हातानं पुन्हा करावे लागले. अशा टीमला आधी लॉक हवं: मी फाइल उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता यावी.

तपासा: कागदावरचा चौथा रकाना अंदाजानं भरलाय का? भरला असेल तर डिझाइनवाल्यांच्या शेजारी अर्धा दिवस बसा आणि पुन्हा भरा.

## टप्पा २: माणसं, नेट आणि पाणी

टीममधला सर्वांत वाईट नेट असलेला माणूस शोधा. बहुतेक वेळा तो बदलापूर किंवा विरारला घरून काम करत असतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. निवड त्याच्या लाइनवर तपासायची, ऑफिसच्या फायबरवर नाही.

इथं दोन्ही बाजू समजून घ्या. गिटमध्ये एकदा क्लोन (रेपोची पूर्ण प्रत आपल्या मशीनवर) झाला की कमिट, इतिहास, ब्रँच (कामाची वेगळी फांदी) सगळं नेटशिवाय चालतं. कर्जतहून लोकलमध्ये बसून येणाऱ्याचं नेटवर्क वाटेत जातं, पण कमिट मात्र होतो. एसव्हीएनमध्ये कमिट करायला सर्व्हर हवाच. उलट, गिटचा पहिला क्लोन अर्ध्यावर तुटला तर जिथं थांबला तिथून पुढे चालू होत नाही. पहिल्यापासून ओढावा लागतो. एसव्हीएनचा चेकआउट (फायली उतरवणं) तुटला तर साफसफाईची आज्ञा देऊन अपडेट केलं की उरलेलं उतरतं. मोठा रेपो आणि कमकुवत नेट असं असेल तर गिटमध्ये फक्त शेवटची आवृत्ती घेणारा उथळ क्लोन किंवा फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा आणणारा अर्धवट क्लोन टीमला शिकवावा लागेल. त्याचा वेळ आत्ताच धरा.

सर्व्हर ऑफिसात ठेवायचा विचार असेल तर आधी मजला बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. तरीही तळमजल्यावरच्या गाळ्यात टेबलाखाली ठेवलेले सर्व्हर मी दर पावसाळ्यात बघतो. सर्व्हर वर घ्या, यूपीएस लावा, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात जाऊ द्या.

मग क्लायंट. फोर्ट किंवा बीकेसीमधल्या बँकेसाठी, ब्रोकरसाठी, विमा कंपनीसाठी काम करत असाल तर करार उघडा. कोड बाहेरच्या क्लाउडवर ठेवायला परवानगी आहे का, बाहेरच्या फ्रीलान्सरला सगळा कोड दिसलेला चालेल का, कोणी काय कधी बदललं याचा पुरावा किती काळ जपायचा, ही उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे लॉगची सोय घर निवडतानाच बघायची.

सावधान: "फोल्डरनुसार परवानगी" असा शब्द करारात दिसला तर थांबा. एसव्हीएनमध्ये एकाच रेपोतल्या ठरावीक फोल्डरपुरता वाचण्याचा हक्क देता येतो. गिटमध्ये ज्याला रेपो मिळाला त्याला सगळा रेपो मिळाला. तिथं एकच मार्ग: वेगळे रेपो.

## टप्पा ३: सिस्टिम निवडा

दोन टप्पे नीट झाले असतील तर हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे.

सामान मुख्यतः मजकूर, टीम विखुरलेली: गिट. फार विचार करू नका. नवीन येणारा माणूस बहुधा गिट शिकूनच येतो, आणि जवळपास प्रत्येक बिल्ड टूल आधी गिटशी बोलतं.

मजकूर जास्त, पण वीसेक बायनरी फायली वारंवार बदलतात: गिट, सोबत गिट एलएफएस. एलएफएस मोठ्या फायली वेगळ्या ठेवतं, रेपोत त्यांची छोटी खूण ठेवतं आणि लॉकही देतं. मात्र होस्टिंगवर, म्हणजे त्या घरात, साठवण आणि डाउनलोड दोन्हींचा हिशेब लागू शकतो, आणि दर बिल्डला सगळं नव्यानं ओढणारी मशीन असेल तर तो कोटा बघता बघता संपतो. शिवाय एलएफएस पहिल्या कमिटच्या आधी बसवायचं. नंतर बसवलं तर जुन्या मोठ्या फायली इतिहासात तशाच राहतात.

फोल्डरनुसार परवानगी हवी, किंवा ऑफिसातले सगळे एका छताखाली असून बायनरी आणि कागदपत्रं भरपूर: एसव्हीएन. "ते जुनं झालं" एवढ्यावरून त्याला बाद करू नका. ‘नीड्स-लॉक’ ही खूण फाइलला लावली की लॉक घेतल्याशिवाय ती फक्त वाचता येते, आणि साकीनाक्याच्या त्या दोघींना नेमकं हेच हवं होतं. माझं स्पष्ट मत आहे की चालू असलेलं, बॅकअप घेतलं जाणारं एसव्हीएन केवळ फॅशन म्हणून सोडू नये.

गेम किंवा व्हीएफएक्स (सिनेमातले दृश्य-परिणाम), शेकडो जीबींची सामग्री: परफोर्स. पाच माणसं आणि वीस वर्कस्पेसपर्यंत (मशीनवरच्या कामाच्या जागा) ते फुकट वापरता येतं, पुढे लायसन्स लागतं. सांभाळणारा माणूसही लागतो.

मर्क्युरिअल शिकायला सोपं आणि चांगलं आहे. पण बिटबकेटनं २०२० मध्ये त्याचा आधार काढल्यापासून ठेवायला घरं कमी उरली. नव्यानं सुरुवात करणाऱ्या टीमला मी ते सुचवत नाही.

कोड गिटमध्ये आणि डिझाइन एसव्हीएनमध्ये, अशी वाटणी कुणीतरी नक्की सुचवेल. ती चालते, पण कोडची ही आवृत्ती डिझाइनच्या कुठल्या आवृत्तीबरोबर जाते, हे लिहून ठेवायची शिस्त लागते. ती जबाबदारी एका नावावर टाकता येत नसेल तर वाटणी करू नका.

## टप्पा ४: घर निवडा

आता तो पहिला प्रश्न. एसव्हीएन किंवा परफोर्स घेतलं असेल तर सर्व्हर कुठे आणि कोण सांभाळणार एवढंच ठरवा. गिट असेल तर क्लाउडवर ठेवायचं की स्वतःच्या सर्व्हरवर, हे बघा. क्लायंटची हरकत नसेल तर क्लाउड. स्वतःचा सर्व्हर हवाच असेल तर लहान टीमला गिटी पुरतं, हलक्या मशीनवरही चालतं. गिटलॅबला बऱ्यापैकी मेमरी लागते, बदल्यात बिल्डची व्यवस्थाही मिळते. स्वतःच्या सर्व्हरसाठी एक प्रश्न विचारा: सुरक्षेचा पॅच आला की त्याच आठवड्यात तो कोण बसवणार? नाव सांगता आलं नाही तर क्लाउडच बरं.

सर्वांत महागात पडणारी चूक इथंच होते. कंपनीचं खातं कुणीतरी उत्साहानं स्वतःच्या जीमेलवर उघडतो. दीड वर्षानं तो नोकरी बदलतो, नंबर बदलतो, आणि खात्याची किल्ली त्याच्याबरोबर जाते. माणूस चांगला असेल तर दोन फोनमध्ये काम होतं. नसेल तर क्लायंटला काय सांगायचं हा प्रश्न पडतो. म्हणून:

१. खातं कंपनीच्या ईमेलवर उघडा.
२. मालक-हक्क किमान दोघांना द्या, त्यातला एक कंपनीचा भागीदार किंवा संचालक असू द्या.
३. दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची करा. तिचे आणीबाणीचे कोड छापून कपाटात ठेवा.
४. सोडून जाणाऱ्याच्या यादीत लॅपटॉप, ओळखपत्र यांच्याखाली "रेपोचा हक्क काढला" ही ओळ वाढवा.

तपासा: ऑफिसच्या आणि क्लायंटच्या नेटवर्कवरून एकदा पुश करून बघा. गिटहबवर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा कोड) किंवा एसएसएच किल्ली (ओळख पटवणारी फाइल) लागते. बऱ्याच ऑफिसांत एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट बंद असतो. गिटहबवर तेच काम ४४३ वरून करता येतं, पण ते पहिल्या दिवशी कळलं तर टीमचा दिवस वाचतो.

## टप्पा ५: स्वतःच्या सामानावर आठवडाभर चाचणी

नमुन्याच्या छोट्या प्रोजेक्टवर सगळ्याच सिस्टिम छान चालतात. चाचणी खऱ्या रेपोच्या प्रतीवर घ्या, आणि तिघांना बसवा: एक अनुभवी, एक नवखा, एक डिझायनर किंवा टेस्टर. "पास" कशाला म्हणायचं ते सुरू करण्याआधी लिहा.

१. दोघांनी एकाच फाइलच्या एकाच ओळी बदलून पुश करा. कॉन्फ्लिक्ट नवख्यानं सोडवायचा, मदतीशिवाय.
२. चुकीचा बदल मुख्य ब्रँचवर गेला असं धरून तो मागे घ्या. बाकीच्यांचं काम तसंच राहिलं पाहिजे.
३. एक ब्रँच मुद्दाम उडवा आणि परत आणा.
४. "लॅपटॉप लोकलमध्ये राहिला" असं धरा. कोऱ्या मशीनवर सुरुवात करून बिल्ड चालेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा.
५. सर्वांत मोठी बायनरी फाइल दोघांनी एकाच वेळी उघडून बघा.

चाचणीत अनुभवी माणसाचं बोलणं ऐकण्यापेक्षा नवख्याचे हात बघा. तो कुठे थांबतो, कुठे फोल्डरची "सेफ्टी" कॉपी डेस्कटॉपवर काढून ठेवतो, ते टिपा. डेस्कटॉपवर कॉपी निघाली याचा अर्थ त्याचा सिस्टिमवर भरवसा बसलेला नाही, आणि अर्धी टीम त्याच्यासारखी असते.

## टप्पा ६: नियम एका पानात

हे पान स्थलांतराच्या आधी तयार हवं. मुख्य ब्रँचवर थेट पुश नाही, दुसऱ्यानं बघितल्याशिवाय मर्ज (मुख्य ब्रँचमध्ये मिसळणं) नाही, सर्व्हरवरचा इतिहास पुसून लिहिणारा जबरदस्तीचा पुश बंद. हे तिन्ही नियम होस्टिंगच्या सेटिंगमध्येच लावा. तोंडी नियम रिलीजच्या रात्री टिकत नाहीत. रेपोत न जाणाऱ्या फायलींची यादी पहिल्याच कमिटमध्ये टाका.

विंडोज आणि मॅक मिसळलेले असतील तर ओळींचा शेवट कसा साठवायचा ते रेपोतल्याच ॲट्रिब्यूट फाइलमध्ये ठरवा. नाहीतर कुणीतरी एक अक्षर बदलतो आणि फाइलच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात. फायलींची नावं फक्त लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या फरकानं वेगळी ठेवू नका; विंडोजवर त्या एकमेकींवर बसतात.

मराठी नावांच्या फायली असतील तर गिटच्या यादीत सुरुवातीला नावाच्या जागी नुसते आकडे आणि तिरप्या रेघा दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ‘कोअर कोटपाथ’ हे सेटिंग बंद केलं की देवनागरी नीट दिसते. कमिटचा संदेश मराठीत लिहायलाही काही अडचण नाही, क्लायंट तो वाचणार नसेल तर.

## टप्पा ७: हलवण्याचा दिवस

इथं क्रम मोडू नका.

१. बॅकअप आणि त्याची परीक्षा. एसव्हीएन असेल तर आधी रेपो तपासायची आज्ञा चालवा, मग पूर्ण डंप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. शेअर्ड ड्राइव्ह असेल तर त्याची जशीच्या तशी प्रत.
२. नावांचा तक्ता. एसव्हीएनमधलं प्रत्येक वापरकर्तानाव आणि त्यासमोर पूर्ण नाव व ईमेल. सोडून गेलेले लोकही त्यात हवेत. एक नाव राहिलं की रूपांतर तिथंच थांबतं.
३. गुपितांची झडती. पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या, पेमेंट गेटवेची माहिती जुन्या इतिहासात शोधा. सापडलेली किल्ली इतिहासातून पुसणं पुरेसं नाही. ती रद्द करून नवीन घ्या. इतिहास साफ करायचा तो नवा रेपो कुणालाही देण्याआधीच. नंतर केला तर प्रत्येकाला पुन्हा क्लोन करावा लागतो, आणि एकानं जरी जुनी प्रत पुश केली तरी सगळा कचरा परत येतो.
४. रंगीत तालीम. पूर्ण रूपांतर एकदा करून वेळ मोजा. एसव्हीएनमधून येताना टॅग (रिलीजच्या खुणा) ब्रँचसारखे उतरतात, त्यांचे खरे टॅग करावे लागतात. रिकामे फोल्डर येत नाहीत, आणि बाहेरच्या रेपोकडे बोट दाखवणारे ‘एक्स्टर्नल्स’ही येत नाहीत. बिल्ड अशा रिकाम्या फोल्डरवर अवलंबून असेल तर ती इथंच पडू द्या.
५. काम थांबवा. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं काम आत टाकायचं. मग जुना रेपो फक्त वाचण्यापुरता करा. हे सेटिंगनं करा. "कुणी कमिट मारू नका रे" असा व्हॉट्सॲप मेसेज पुरत नाही.
६. अंतिम रूपांतर आणि तुलना. जुन्याची शेवटची आवृत्ती एका फोल्डरात, नव्याची दुसऱ्यात, आणि दोन्ही फोल्डर फाइल-फाइल ताडून बघा. दोन जुने रिलीजही असेच ताडा. तारीख किंवा आवृत्ती आपोआप भरणाऱ्या ओळींमुळे थोडे फरक दिसतील. बाकी प्रत्येक फरकाचं कारण सापडलं पाहिजे.
७. नव्या रेपोतून बिल्ड करा, त्यानंतरच टीमला पत्ता द्या.

दिवस मंगळवार किंवा बुधवार धरा. शुक्रवारी संध्याकाळी नको, कारण सोमवारपर्यंत कुणालाच आठवत नाही काय केलं होतं. गणपतीच्या आठवड्यातही नको. अर्धी टीम कोकणात असते, आणि नावांच्या तक्त्यातली शंका नेमकी कणकवलीकडे गाडीत बसलेल्या माणसाला विचारायची असते.

सावधान: "नवीन नीट चालेपर्यंत दोन्हीकडे काम करू" हे मान्य करू नका. दोन दिवसांत दोन सत्यं तयार होतात, आणि ती जुळवायचं काम रूपांतरापेक्षा मोठं असतं.

## टप्पा ८: पहिला महिना

पहिला आठवडा एक माणूस मोकळा ठेवा, फक्त अडलेल्यांसाठी. त्याला आलेले प्रश्न टप्पा ६ च्या पानावर वाढवत जा.

बॅकअप वेगळा बसवा. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं नव्हे, आणि नुसता आरसा-रेपोही (मूळ रेपोशी आपोआप जुळत राहणारी प्रत) पुरत नाही, कारण चुकून उडवलेली ब्रँच आरशातूनही उडते. तारखेनिशी वेगवेगळ्या प्रती हव्यात. गिटच्या आरसा-प्रतीत एलएफएसच्या मोठ्या फायली येत नाहीत, त्या वेगळी आज्ञा देऊन ओढाव्या लागतात. होस्टिंगवरच्या तक्रारी आणि पुनरावलोकनाच्या चर्चाही येत नाहीत. चौथ्या आठवड्यात बॅकअप ज्यानं बसवला त्याला बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी कोऱ्या मशीनवर फक्त बॅकअपमधून प्रोजेक्ट उभा करायला सांगा. तो कुठं अडला ते लिहून घ्या आणि पुढच्या तिमाहीत तिसऱ्या माणसाला बसवा.

जुना सर्व्हर लगेच विकू नका. जुन्या बगमधले आवृत्तीचे नंबर, क्लायंटच्या ईमेलमधले संदर्भ अजून त्याच्याकडेच बोट दाखवत असतात. तो फक्त वाचण्यापुरता, कराराची मुदत संपेपर्यंत चालू ठेवा. शेवटचा डंप दोन डिस्कवर घ्या, डिस्कवर शेवटच्या आवृत्तीचा नंबर, तारीख आणि डंप कुठल्या प्रोग्रॅमनं उघडतो ते लिहा, आणि एक डिस्क ऑफिसबाहेर पाठवा.